राबाची राख

आमच्या शेलूबाजारकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पायताणाला चिकटून चालणाऱ्याचा वेग निम्म्यावर आणते. या जमिनीत कापूस होतो, तूर होते, गेल्या काही दशकांत सोयाबीनने तर सारा शिवार व्यापला आहे. भात मात्र आमच्या शेतात नसतो, थेट ताटात येतो; बहुतेक वेळा गोंदिया-भंडाऱ्याकडचा. तेव्हा भाताच्या मातीविषयी वाशीम जिल्ह्यातल्या माणसाने, त्यातही कविता करणाऱ्याने बोलावे, हा थोडा आगाऊपणाच म्हणायचा. पण मातीला खाऊ कोण घालणार, काय घालणार आणि ते आणायचा हक्क कोणाचा, हा वाद महाराष्ट्रात सर्वांत कडाक्याने झाला तो भाताच्या शेतावरून. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यावर सरकारी आयोग बसला, इंग्लंडहून आलेल्या रसायनशास्त्रज्ञाने त्यावर लिहिले आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याचे पृथक्करण झाले. या सगळ्या प्रकरणाचे नाव एका अक्षरी म्हणावे इतके लहान: राब.

विदर्भातल्या वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल. कोकणात आणि सह्याद्रीच्या मावळपट्ट्यात भाताचे रोप ज्या वाफ्यात तयार करतात तो वाफा आधी भाजून काढतात. त्याला राब भाजणे म्हणतात, काही ठिकाणी दाढ भाजणे. माघ-फाल्गुनापासून तयारी चालते. झाडांच्या कोवळ्या फांद्या तोडून त्यांच्या मोळ्या बांधायच्या, हे कवळ. ऐन, किंजळ अशा झाडांचे कवळ चांगले मानतात. तळाला शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा, त्यावर कवळ, त्यावर गवत नाहीतर पेंढा, मग पातेरा, आणि सगळ्यांवर मातीचा पातळ थर. असे पांघरूण घालून वाफा तयार झाला की वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा. आग भडकता कामा नये. तिने वाऱ्याला तोंड देत हळूहळू मागे सरकत जावे, म्हणजे उष्णता खाली मातीत मुरते. वर मातीचा थर असल्यामुळे राखही उडून जात नाही. पहिल्या पावसानंतर त्या राखेत बी फेकायचे. तीनेक आठवड्यांत जे हिरवे रोप उभे राहते त्याला कुठे तरवा म्हणतात, कुठे आवण. आपल्या भंडाऱ्याकडे त्यालाच पऱ्हे म्हणतात. ते उपटून चिखलात लावायचे, ही लावणी, आणि तीच भंडाऱ्याकडची रोवणी. राब आणि राबणे या शब्दांचे नाते व्युत्पत्तीवाल्यांवर सोपवू, पण ज्याने कवळाची मोळी डोक्यावरून डोंगर उतरवली आहे त्याला हे दोन शब्द वेगळे वाटत नसतील.

यातली एक हिशेबी गोष्ट शहरातल्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. रोपवाटिका सगळ्या शेताच्या साधारण एक दशांश असते. एक हेक्टर भात लावायचा तर दहा गुंठे वाफा पुरतो. म्हणजे शेतकरी सगळे शेत भाजत नाही. तेवढे जळण आणि शेण त्याच्याकडे नाहीच. तो आजूबाजूच्या वरकस डोंगरउताराची सगळी कमाई त्या एक दशांशात ओततो आणि तिथे अंगाने भरलेले रोप बाकीच्या नऊ भागांत पाठवतो. बाळसे रोपाला आधीच द्यायचे, मग पुढे त्याने आपले पाहावे.

कोकणच्या मातीला अशी मदत लागते याचे कारण तिथल्या पावसात आहे. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. चुना, पालाश, मॅग्नेशियम अशी विरघळणारी द्रव्ये तो धुऊन नेतो आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरते. जांभ्याचा लाल रंग हा लोखंडाच्या गंजाचाच. ही माती आम्लधर्मी असते आणि स्फुरद हाती आले की ते घट्ट धरून ठेवते, पिकाला सहजी देत नाही. आमच्या काळ्या मातीत चुना भरपूर, तिथे चुन्याची वाण. राबाच्या राखेत पालाश, चुना आणि थोडे स्फुरद असते. कवळातला नत्र बहुतांश धुरावाटे जातो, हे खरे. पण राखेने मातीचे आम्लपण तेवढ्यापुरते कमी होते, तापल्यामुळे मातीतल्याच सेंद्रिय पदार्थातला नत्र मोकळा होतो आणि तणाचे बी जळून जाते. कोवळ्या रोपात निंदणी करणे किती जिकिरीचे असते ते ज्याने केले आहे त्यालाच कळेल. भाताचे रोप आणि त्यातले काही तण पहिल्या पंधरवड्यात सख्ख्या भावांसारखे दिसतात.

आता भांडणाकडे येऊ. १८७८ साली इंग्रज सरकारने वनकायदा केला. त्याआधी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतला शेतकरी आपल्या भाताच्या जमिनीला जोडलेल्या वरकसातून आणि भोवतालच्या रानातून कवळ आणत असे. रान सरकारी की गावचे, हा प्रश्न त्याच्या आयुष्यात फारसा आला नव्हता. कायद्यानंतर रानाच्या हद्दी आखल्या गेल्या, झाडे मोजली गेली, पहारेकरी नेमले गेले. रेल्वेला लाकूड हवे होते, मुंबईला जळण हवे होते. वनखात्याच्या नजरेने पाहिले तर राब म्हणजे उधळपट्टी: चांगल्या वाढत्या झाडाचे हातपाय तोडायचे आणि त्यांची राख करायची. शेण न जाळता तसेच जमिनीत घाला, कवळ कशाला हवे, असा त्यांचा सवाल होता. शेतकऱ्याचे म्हणणे एवढेच की राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर सारा कशातून भरू?

महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो याच काळात, १८८३ साली. वनखात्याच्या जाचाबद्दल त्यांनी त्यात जे लिहिले आहे ते अनेकांना ठाऊक असते. त्याच पुस्तकातला मातीचा विचार मात्र तितका लक्षात राहत नाही. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेले किडे-प्राणी यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून खालच्या शेतांत येते आणि त्यावर जमीन सुपीक राहते, हे त्यांनी स्पष्ट मांडले. ते सत्त्व नदीनाल्यांतून वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालावेत आणि त्या कामाला सरकारी फौजेतली नि पोलिसातली माणसे लावावीत, अशी त्यांची सूचना होती. अन्नद्रव्यांचे चक्र, पाणलोट असे शब्द तेव्हा मराठीत नव्हते, विचार होता. रान आणि शेत हे एकाच ताटातले दोन पदार्थ आहेत, हे पुण्यात बसलेल्या या माणसाला कळले होते आणि त्याच वेळी सरकार त्या दोहोंमध्ये कुंपण घालत होते.

ठाणे जिल्ह्यातल्या तक्रारी वाढत गेल्या. तिथल्या लोकांनी ठाणे फॉरेस्ट असोसिएशन नावाची संस्था काढून गाऱ्हाणी मांडली. अखेर १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुढे राबासाठी काही सवलती मिळाल्या, त्यांच्याबरोबर अटीही आल्या. कोणते झाड तोडायचे, किती तोडायचे, याचे नियम झाले. नियम आला की नियम दाखवून पैसे मागणारा माणूसही येतो, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. पण या आयोगाच्या निमित्ताने एक गोष्ट चांगली घडली. राब खरोखर उपयोगी आहे की नुसती चाल, हे तपासून पाहण्याची गरज सरकारला वाटली. मुंबई इलाख्याचे कृषी संचालक ई. सी. ओझॅन यांनी राब केलेल्या आणि न केलेल्या वाफ्यांच्या तुलना करून पाहिल्या, आणि राबाचे पारडे जड निघाले.

नंतर आले डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे हे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात उतरले, वर्षभर देश फिरले, आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानी शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत त्याच्याहून सरस आहे, असे त्यांनी त्यात नोंदवले. साहेबाच्या लेखणीतून हे उतरले म्हणून आपण ते अजून अभिमानाने सांगतो, हा आपला जुना स्वभाव. पण व्होल्करांचे मोठेपण निराळ्या ठिकाणी आहे. शेण जाळले जाते याला शेतकऱ्याचे अज्ञान कारण नसून दुसरे जळण नाही हे कारण आहे, असे त्यांनी म्हटले, आणि शेतीसाठी राखीव अशी जळणाची व चाऱ्याची राने असावीत, असे सुचवले. खताचा प्रश्न हा लाकडाचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

तिसरा माणूस हॅरॉल्ड मान. आसामच्या चहाच्या मळ्यांवर संशोधन करून १९०७ मध्ये ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची त्यांनी केलेली पाहणी समाजशास्त्रवाले आजही वाचतात. त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या दोन मराठी सहकाऱ्यांसह राबाचा अभ्यास केला आणि तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी गुंता सोडवायला घेतला तो असा: राबाचा फायदा राखेमुळे होतो, की माती तापल्यामुळे, की तिचा पोत बदलल्यामुळे? एकेक धागा वेगळा करून पाहिल्यावर दिसले की नुसत्या राखेने सगळा खुलासा होत नाही. माती तापणे हीच मोठी बाब आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये रोदमस्टेडच्या केंद्रात रसेल आणि हचिन्सन हेही माती तापवली की तिची सुपीकता का वाढते, हेच शोधत होते. त्यांचे निष्कर्ष १९०९ मधले. म्हणजे ठाण्याचा वारली, ठाकूर, कुणबी पिढ्यान्‌पिढ्या जे करीत आला होता ते जगातल्या सर्वांत जुन्या कृषी संशोधन केंद्राच्या ताज्या प्रश्नाला जाऊन भिडले होते. वन आयोगापुढे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हे आधीच कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

इथून पुढची गोष्ट चिखलाची. भात हे पाण्यात उभे राहणारे पीक, आणि पाणी साचले की मातीचे रसायनच पालटते. हवा बंद होते. वरची बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून पातळ साय तेवढी तपकिरी राहते, कारण पाण्यातला प्राणवायू तिथपर्यंत पोचतो. तिच्याखालचा चिखल निळसर-करडा होतो. लोहाने धरून ठेवलेले स्फुरद अशा चिखलात सुटे होते, ही भाताला मिळणारी देणगी. म्हणून तर ज्या लाल जमिनीत नाचणीला स्फुरद कमी पडते, तिथेच खाचरातला भात बऱ्यापैकी भागवून नेतो. उलट जस्त हाताबाहेर जाते. पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके पडून भात खुरटण्याचा ‘खैरा’ नावाचा रोग उत्तरेकडे तराईत होता; तो कुठल्या जंतूचा नसून जस्ताच्या कमतरतेचा आहे, हे पंतनगरच्या डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले.

नत्राची कहाणी तर फारच चमत्कारिक आहे. खाचरात वरून युरिया फेकला की तो पाण्यात विरघळून त्याचा अमोनिया होतो. दुपारच्या उन्हात पाण्यातले शेवाळ वाढीला लागते, पाणी अल्कधर्मी होते आणि अमोनियाचा काही भाग सरळ हवेत निघून जातो. काही भागाचे वरच्या तपकिरी सायीत नायट्रेट होते. ते खाली करड्या चिखलात उतरले की तिथले जीवाणू त्याचा नत्रवायू करून पुन्हा हवेतच सोडतात. आणि कोकणात तर खाचरे पायऱ्यांसारखी असतात. वरच्या बांधावरून पाणी खालच्या शेतात पडते. तुम्ही रांगेत उभे राहून पोते आणायचे, पैसे भरायचे, आणि एका सरीत ते शेजाऱ्याच्या खाचरात! टाकलेल्या नत्रापैकी जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपासच भाताच्या पोटात जातो. बाकीचा हवेला, ओढ्याला आणि खाडीला.

जुन्या उंच वाणांच्या काळात ही नासाडी फारशी जाणवत नव्हती, कारण नत्र जास्त मिळाला तर ते वाण लोळत. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे; त्याने कित्येक वर्षे अशाच वाणांवर काम केले. १९६६ मध्ये आय.आर. ८ हा बुटका वाण फिलिपिन्समधून आला, १९६८ मध्ये आपल्याकडे ‘जया’ आला. बुटका भात नत्र पचवतो आणि उभा राहतो. तुर्भ्याचा खत कारखाना १९६५ मध्ये सुरू झालेला होताच. ‘सुफला’ची पोती घाटावर आणि घाटाखाली पोचली, आणि राब भाजणाऱ्या घरांतली तरुण मुले मुंबईला गिरणीत किंवा गोदीत गेल्यामुळे कवळ आणायला हातही उरले नाहीत. खत आले म्हणून राब गेला की माणसे गेली म्हणून, हे प्रत्येक गावाचे उत्तर निराळे.

या गोष्टीतला शेवटचा महत्त्वाचा माणूस आपलाच आहे. डॉ. नारायण सावंत हे अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम करीत. युरियाच्या मोठ्या गोळ्या चिखलात खोल दाबण्यावर त्यांनी तिथे संशोधन केले. खत करड्या चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल गेले तर ना ते हवेत उडते, ना वाहून जाते. जपानी शास्त्रज्ञ शिओइरी यांनी खोल खत देण्याचे हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मांडले होते. सावंतांनी त्याला आपल्या खाचरात बसेल असे रूप दिले. महाराष्ट्रात ते ‘चारसूत्री भात लागवड’ या नावाने १९९० च्या दशकापासून पसरू लागले.

चार सूत्रे अशी. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची आणि पेंढ्याचा काही भाग शेतात परत गाडायचा. चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला घालायचा, हेक्टरी सुमारे तीन टन. लावणी दोरीवर करायची, पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर, एका चुडात दोन-तीनच रोपे. आणि लावणी झाली की त्याच दिवशी चार चुडांच्या प्रत्येक लहान चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपीची सुमारे २.७ ग्रॅमची एक गोळी हाताने दाबायची. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. एका गोळीचे चार घरांत वाटप. असा नेमका हिशेब कवितेतही क्वचित जमतो.

पहिले सूत्र पाहिले आणि मला गंमत वाटली. पुन्हा राखच! भाताच्या तुसाची राख बहुतांशी सिलिका असते, आणि भात हे सिलिका भरभरून खाणारे पीक. पात हातावरून ओढली तर कातडी कापते ती त्या सिलिकेमुळेच. तिने काड्या ताठ राहतात, करपा आणि खोडकिडा यांना दाद कमी मिळते. जपानने १९५५ मध्ये सिलिकायुक्त खताला अधिकृत मान्यता दिली. राबात पेंढा जाळणाऱ्याला सिलिका हा शब्द ठाऊक नव्हता. राखेच्या वाफ्यातले रोप उभे राहते, हे ठाऊक होते.

इतके चांगले असूनही चारसूत्री घरोघर का गेली नाही? कारण गोळी दाबायला कमरेत वाकावे लागते. एका एकरात पंचवीस हजार वेळा. हे काम बहुतेक बाया करतात, भर पावसात, इरले नाहीतर प्लॅस्टिकचा कागद पांघरून, दिवसभर चिखलात पाय रोवून. भाताच्या पोषणाविषयीच्या चर्चेत या कमरेचा उल्लेख फारसा येत नाही. मजुरी वाढली, मजूर मिळेनासे झाले, गोळ्या वेळेवर मिळाल्या नाहीत, अशी कारणे जोडीला आहेतच. बांगलादेशात हीच गोळी ‘गुटी युरिया’ म्हणून मोठ्या प्रमाणावर गेली. तिथे गावोगावी गोळ्या पाडण्याची यंत्रे बसवली गेली. आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून खतांचे अनुदान अन्नद्रव्यांच्या हिशेबाने देण्याचे धोरण आले, त्यातून युरिया मात्र वगळला गेला. स्फुरद-पालाश महागले, युरिया स्वस्तच राहिला. शेतकरी स्वस्त तेच जास्त टाकणार. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली, युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा झाला, २०१८ मध्ये पन्नास किलोचे पोते पंचेचाळीस किलोचे झाले. माझ्या मते यातला निंबोळीचा लेप कामाचा, कारण तो शेतकऱ्याला काही वेगळे करायला न लावता नत्राचा वेग कमी करतो. पत्रिकेचे काय झाले ते ज्याच्या त्याच्या घरातल्या फडताळाला विचारावे.

आपल्या विदर्भातल्या धानपट्ट्याने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत राबापेक्षा तलावाचा आधार मोठा. रानातून वाहून येणारे सत्त्व तलावाच्या तळाशी बसे आणि उन्हाळ्यात तोच गाळ गाड्या भरभरून बांधीत जाई. तिथल्या शेतकऱ्याची मातीची वर्गवारी कन्हार, मोरंड, सिहार, खर्डी, बर्डी अशी. कोणती माती किती पाणी धरील आणि किती खत मागेल, हे नावातच आले. फुल्यांनी डोंगरावरून वाहून येणाऱ्या सत्त्वाविषयी जे लिहिले, त्याची ही विदर्भातली चालती-बोलती आवृत्ती होती. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, गाळ काढणारे हात सुटले. २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तेव्हा धानपट्ट्यातल्या म्हाताऱ्यांना नाव तेवढे नवे वाटले असेल.

राब अजून पुरता विझलेला नाही. जव्हार-मोखाडा, पेठ-सुरगाणा, अकोले, मावळ-मुळशीच्या उतारांवर मेच्या अखेरीस काळे चौकोन दिसतात. कृषी विद्यापीठे गादीवाफे करा, शेणखत घाला, भाजू नका, असे सांगतात, आणि झाडांकडे पाहिले तर ते योग्यच आहे. यातून निघालेली एक वाट मला सर्वांत समजूतदार वाटते: बांधावरचे गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड कोकणात उंदीरमारी म्हणूनही ओळखले जाते. काठी रोवली की जगते, वर्षातून दोन-तीनदा छाटली तरी पुन्हा फुटते, शेंगवर्गीय असल्यामुळे पाल्यात नत्र भरपूर. ते आपल्याच बांधावर उभे असते, आणि त्याचा पाला तोडायला पहारेकऱ्याची परवानगी लागत नाही.